काळजाभोवतीचं पाणी

माझी आत्या फोनवर थोडक्यात बोलणाऱ्यांतली नाही. पाऊसपाणी, सुनेच्या तक्रारी, शेजारणीच्या म्हशीचं दुखणं, एवढं सगळं झाल्याशिवाय ती फोन ठेवत नाही. मध्ये आपण 'हं' म्हणायचं विसरलो तर "हायेस का गेलीस?" असंही विचारते. त्या दिवशी मात्र ती नुसतं "बरी हाय" म्हणाली आणि फोन मुलाच्या हातात देऊन मोकळी झाली.

तिचा मुलगा माझ्यापेक्षा मोठा, मी त्याला दादाच म्हणते. दादा म्हणाला, "आईच्या काळजाला पानी झालंय. भोकरदनच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढला आन जल्दी जालन्याला न्या म्हन्ला. पन आई बिलकुल ऐकून न्हाई राह्यली. तूच ये आता."

मी मंठ्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे घरात कुणाला काही झालं की मी अर्धी डॉक्टर आहे असं सगळे धरून चालतात आणि खरं सांगायचं तर मीही तो गैरसमज फारसा दूर करत नाही. मुख्याध्यापकांना सांगून मी तशीच निघाले. जालन्याला गाडी बदलून आत्याच्या गावी, केदारखेड्याला पोचले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं.

आत्या ओट्यावरच्या बाजेवर बसली होती. पाठीशी गोधड्यांची चळत, त्यावर रेलून. आडवं पडलं की जीव घाबरा होतो म्हणून ती बसूनच झोपत होती, असं वहिनीनं सांगितलं. गेले कित्येक दिवस संध्याकाळचा बारीक ताप होता, खोकला होता, अंगावरचं लुगडं सैल झालं होतं, पण आत्यानं त्याला 'कणकण' म्हणून उडवून लावलं होतं. आता तिच्या गळ्याच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. ओठांवर पापुद्रे आले होते. मला पाहून ती हसली आणि "आलीस... माय" एवढं दोन दमांत बोलली.

वहिनीनं मला पाण्याचा तांब्या आणून दिला. मी पिऊ लागले, तर आत्याची नजर तांब्याबरोबर वर आली आणि तांब्याबरोबर खाली गेली. मी सहज तांब्या तिच्यापुढे धरला, तसा सगळा ओटा ओरडला, "अगं न्हाई! तिला पानी बंद हाय!"

"कुणी बंद केलं?"

भोकरदनच्या डॉक्टरनं तर तसं काही सांगितलं नव्हतं. दादा म्हणाला, "आता काळजाला पानी झालंय म्हनल्यावर वरतून आनिक कशाला पाजायचं? वावराला पानी लागल्यावर आपन मोटर चालू करतो का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या नाकावर राग असतोच, माझे विद्यार्थी साक्ष देतील. मी वाट्टेल ते बोलले. अडाणीपणाची पण हद्द असते, असंही बोलले. दादानं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मंग तू सांग, पाजायचं का न्हाई पाजायचं? त्यानं वाढलं तं?" आणि ते मला माहीतच नव्हतं. काळ्या जमिनीत ज्यांची हयात गेली त्यांना पाणी लागलेलं पीक कसं पिवळं पडतं हे माझ्याहून चांगलं कळतं. 'पाणी झालंय' हा शब्द डॉक्टरनं वापरला, आणि ह्या माणसांनी त्या शब्दाचा जो काय अर्थ होतो तो सरळ घेतला. आत्यानं तर फारच मनावर घेतलं होतं. जन्मात कुणाचं न ऐकणारी बाई, पण हे तिला पटलं होतं, म्हणून तहानेनं जीभ टाळूला चिकटली तरी ती घोट घेत नव्हती.

जालन्याला जायचं मात्र तिला पटत नव्हतं. "तिथं... सुई घालतेत," ती म्हणाली.

ह्या सुईबद्दल सांगायला हवं. मी शाळेत होते तेव्हा माझे बाबा गेले. आत्याचा हा पाठचा भाऊ. त्यांच्याही हृदयाभोवती पाणी झालं होतं. लांबच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी छातीच्या हाडाखालून सुई घातली, सुईत रक्त आलं आणि बाबा संध्याकाळ व्हायच्या आत गेले. मला त्यातलं काही दाखवलं नव्हतं. मला फक्त आमच्या घरात पुढे वर्षानुवर्षं बोललं गेलेलं एक वाक्य माहीत आहे: सुईत रक्त आलं आन तो गेला. त्यानंतर आत्यानं मला आणि माझ्या आईला केदारखेड्याला आणलं. माझी शाळा, कॉलेज, लग्न, सगळ्यात तिचा हात. म्हणजे एका सुईनं माझा बाप नेला होता आणि आता तशीच सुई आत्याच्या वाटेला आली होती. मलाही भीती वाटत होती, पण दाखवते कुणाला.

"सुई नको," मी म्हटलं. "नुसतं दाखवून येऊ."

"नुसतं... दाखवायचं. बराबर?"

"बराबर."

जालन्याच्या त्या दवाखान्यातल्या हृदयाच्या डॉक्टर माझ्याहून वयानं लहान निघाल्या. बुटक्या, सडसडीत, केस घट्ट बांधलेले, आणि पायात चालताना चटचट वाजणारी चप्पल. आत्याला चाकाच्या खुर्चीवरून आत नेलं तर तिनं आधी त्यांचीच तपासणी सुरू केली. "कुनीकडची... बाई तू?"

"वडीगोद्रीची, आजी."

"आजी कोनाची? मावशी म्हन." मग दम खाऊन, "वडीगोद्रीला... आमची नणंद दिल्ती."

"मग आपलं नातंच निघालं, मावशी," असं म्हणत त्यांनी सोनोग्राफीचं यंत्र आत्याच्या छातीला लावलं. पडद्यावर मला एक काळा पट्टा दिसला, आणि त्या काळ्यात काहीतरी करड्या रंगाचं धडपडत होतं. ते आत्याचं हृदय होतं. डॉक्टरबाईंचा चेहरा बदलला नाही, पण बोलणं थांबलं. त्यांनी ब्लड प्रेशर पुन्हा घ्यायला सांगितलं, आत्याच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, आणि विचारलं, "पाणी कधी प्यालात शेवटचं?"

मी दादाकडे पाहिलं. दादानं जमिनीकडे पाहिलं. मग त्यानं सगळं सांगितलं, वावरासकट.

मला वाटलं, आता बाई आमची सालटी काढणार. त्यांनी नर्सला सलाईन लावायला सांगितलं आणि दादाला जवळ बोलावून पडदा दाखवला. "हे बघा. हृदय एका पिशवीत असतं. त्या पिशवीत हे पाणी साठलंय. ते बाहेरून हृदयाला दाबतं, म्हणून हृदयाला फुलता येत नाही आणि त्याच्यात रक्त भरत नाही. आता तुम्ही वरून प्यायचं पाणी बंद केलं, तर अंगातलं रक्तच कमी पडलं. दाब बाहेरून आहे तेवढाच आहे, आणि आत भरायला रक्त नाही. म्हणून जास्त धाप लागली. पिशवीतलं पाणी वेगळं, पोटातलं वेगळं." मग म्हणाल्या, "तुमचं डोकं बरोबरच चाललं होतं. आमचा शब्द चुकला."

मला त्या क्षणी त्या आवडल्या. मी ओट्यावर जे जे बोलले होते ते मला आठवलं, आणि ह्या बाईंनी त्याच गोष्टीवर एकही टाकून बोललेला शब्द वापरला नव्हता.

सलाईन लागल्यावर त्यांनी आत्याला सांगितलं की हे पाणी काढावंच लागेल, आजच, थोड्याच वेळात, कारण हृदय फार दमलंय. आत्या म्हणाली, "नुसतं दाखवायचं... ठरलं व्हतं." आणि मग तिनं बाबांचं सांगितलं. तुटक तुटक, मध्ये दम घेत. बाईंना घाई होती, हे मला दिसत होतं. तरी त्या स्टूल ओढून बसल्या आणि आत्याचं शेवटपर्यंत ऐकलं.

"तुमच्या भावाच्या बाबतीत काय झालं ते मला माहीत नाही, मावशी," त्या म्हणाल्या. "म्हणून सुईनंच गेले असं मी म्हणणार नाही, आणि सुईनं नाही गेले असंही म्हणणार नाही. पण त्या वेळी हे काम बऱ्याच ठिकाणी हाताच्या अंदाजानं व्हायचं. हाडाखाली बोट लावायचं आणि डाव्या खांद्याच्या दिशेनं सुई सरकवायची. आत काय चाललंय ते दिसायचं नाही. माझ्या गुरूंनी तसंच केलं, आणि त्या अंदाजानं किती माणसं वाचवली त्याला हिशेब नाही. वाईट डॉक्टर नव्हते ते. त्यांच्याकडे नुसते हात होते. मला आज बघता येतं. सुईचं टोक दिसल्याशिवाय मी हात पुढे नेत नाही. तरी धोका अजिबात नाही असं मी सांगणार नाही. कमी आहे, खूप कमी. आणि न काढण्यात जो धोका आहे तो मला आत्ता पडद्यावर दिसतोय."

इतकं सरळ बोललेलं मी दवाखान्यात क्वचितच ऐकलंय. माझं मन तिथंच वळलं. मी आत्याच्या कॉटपाशी वाकले आणि म्हटलं, "आत्या, हो म्हण. मी सांगते तुला..."

"तू गप!" आत्या एवढ्या जोरात बोलली की तिला खोकल्याची उबळ आली. उबळ थांबल्यावर तिनं मला दाराकडे बोट दाखवलं. "तू काई... बोलायचं न्हाई. बाहेर व्हय. मी आन ही बाई... बोलतो आमचं."

"अगं पण..."

"जाय म्हन्ते न्!"

मी बाहेर आले. दादालाही तिनं बाहेर पाठवलं, पण त्याला एक साधी मान हलवून. माझ्यासारखं हाकलून नाही. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, त्यात राग जास्त. मी शिकलेली, मी तिला इथवर घेऊन आले, तिला समजावून सांगू शकणारी घरात मी एकटी, आणि नेमकं मलाच बाहेर! मी दादाला तसं म्हटलंसुद्धा. तो म्हणाला, "तिचं काय सांगावं," आणि खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या बघत उभा राहिला. तिनं नाही म्हटलं तर काय, हा विचार आम्ही दोघंही करत होतो.

थोड्या वेळानं दार उघडलं. "हो म्हणाल्या," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "तुम्ही आत या. त्यांचा हात धरून उभं राहायला कुणीतरी लागेल. त्यांना हलून चालणार नाही, आणि त्या फार हलतात. तुमचंच नाव घेतलं त्यांनी."

मला काही उमगेना. पण वाद घालायची ती वेळ नव्हती. अंगावर हिरवा झगा, डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क चढवून मी आत्याच्या उशाशी उभी राहिले. तिला अर्धवट बसतं ठेवलं होतं, किंचित डाव्या कुशीवर. तिनं माझा हात असा धरला की माझ्या बांगड्या मनगटात रुतल्या.

त्यानंतर मी जे पाहिलं ते मी माझ्या वर्गात अनेकदा सांगितलंय, आणि दर वेळी पोरं घंटेचं भान विसरतात.

बाईंनी सुई हातात घेण्याआधी बराच वेळ नुसतं पाहिलं. यंत्राचा दांडा हाडाखाली लावला, मग वर, मग डाव्या छातीच्या खालच्या अंगाला, बरगड्यांच्या मधल्या फटींतून. त्या मोठ्यानं बोलत होत्या, अर्ध्या स्वतःशी, अर्ध्या आमच्याशी. हाडाखालून गेलं तर मध्ये यकृताचा कोपरा येतोय आणि पाणीही तिथं पातळ आहे. इथं कुशीकडे पाणी सगळ्यांत जास्त आहे, कातडीपासून जवळ आहे, आणि मध्ये फुफ्फुस नाही. म्हणजे वाट इथून. त्यांनी तिथं पेनानं खूण केली आणि यंत्राचा दांडा ज्या कोनात होता तो कोन हातानं दोनदा करून पाहिला. आत किती खोल जायचं तेही पडद्यावर मोजून घेतलं. "मावशी, आता अजिबात हलायचं नाही. तुम्ही हललात तर पाणीही हलेल, आणि माझी खूण खोटी पडेल."

"न्हाई हलत," आत्या म्हणाली, आणि तेवढ्यासाठीसुद्धा हलली. मी तिचा खांदा धरला.

यंत्र एका मध्यमवयीन तंत्रज्ञाकडे होतं. जाड भिंगाचा चष्मा, आणि आवाज एखाद्या एस.टी. कंडक्टरसारखा. त्या दोघांची एक रीत होती. सुईचं टोक पडद्यावर दिसलं की त्यानं मोठ्यानं 'दिसतंय' म्हणायचं. त्यानं म्हटल्याशिवाय बाईंचा हात पुढे जायचा नाही. बाईंना स्वतःला पडदा दिसत होताच, पण त्यांचं म्हणणं असं की करणाऱ्याला घाई होऊ शकते, बघणाऱ्याला नाही. म्हणून दोघांना दिसलं पाहिजे.

आधी बधिर करायचं इंजेक्शन. मग बारीक सुई, खालच्या बरगडीच्या वरच्या काठाला लागून, कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या काठानं रक्तवाहिनी जाते. "दिसतंय," तंत्रज्ञ म्हणाला. हात तांदळाच्या दाण्याएवढा पुढे गेला. "दिसतंय." पुन्हा तेवढाच. एकदा तो काही म्हणाला नाही, आणि बाईंचा हात तिथल्या तिथं थांबला. त्यांनी मान वर केली नाही, घाई केली नाही. त्यानं दांडा केसभर फिरवला. "दिसतंय." मग हात पुढे. मी शिवणकाम करणाऱ्या, सोनं घडवणाऱ्या माणसांचे हात पाहिलेत, पण कुठं थांबायचं हे इतकं ठाऊक असलेला हात पाहिला नव्हता.

आणि मग सिरिंजमध्ये आलं ते लाल होतं.

माझ्या कानात आमच्या घरातलं ते वाक्य वाजलं. सुईत रक्त आलं. मला वाटतं मी आत्याचा हात इतका दाबला असेल की तिलाच कळलं असेल. ती छताकडे पाहत होती, तिला सिरिंज दिसत नव्हती. "झालं का गं?" तिनं विचारलं.

"थांबा. कुणी काही करू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. आवाज तोच, मघाशी वडीगोद्रीबद्दल बोलत होत्या तेव्हाचा. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "ह्यांच्या ताप-खोकल्यावरून मला टीबीची शंका आहे, आणि टीबीत हे असं लाल येऊ शकतं. हृदयातूनही लालच येतं. रंगावरून कळत नाही, म्हणून रंगावर जायचं नाही."

सुईवरची मऊ नळी तिथंच ठेवून त्यांनी सुई बाहेर काढली. नर्सनं दोन सिरिंज एका छोट्या तोटीला जोडल्या आणि त्यातलं सलाईन ह्या सिरिंजमधून त्या सिरिंजमध्ये, त्यातून ह्यात, असं भराभर ढकललं. पाण्याला बारीक फेस आला. तो फेसाळ थेंब बाईंनी नळीतून आत सोडला. त्या फेसातले बुडबुडे पडद्यावर पांढरे चमकतात. ते हृदयाच्या आत चमकले, तर नळी चुकीच्या जागी आहे. बाहेरच्या काळ्या पट्ट्यात चमकले, तर बरोबर आहे. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच कळलं की खोलीतली सगळी माणसं एकाच ठिकाणी पाहतायत आणि तंत्रज्ञ काही बोलत नाहीये.

काळ्या पट्ट्यात चांदीचा चुरा उधळल्यासारखं झालं. करड्या हृदयाच्या चारी बाजूंनी. हृदयाच्या आत एकही ठिपका नाही.

"पिशवीत दिसतंय," तंत्रज्ञ म्हणाला. "आत काही नाही."

"मला पण पिशवीतच दिसतंय," बाई म्हणाल्या, आणि मगच पुढचं काम सुरू केलं. नळीतून बोथट टोकाची मऊ तार सरकवली, तीही पडद्यावर पाहिली, तिच्यावरून टोकाशी गोल वळलेली दुसरी मऊ नळी घातली, आणि ते लाल पाणी हळूहळू बाटलीत उतरू लागलं. त्यांनी ते एकदम काढलं नाही. थोडं काढायचं, थांबायचं, ब्लड प्रेशर बघायचं. पडद्यावरचं हृदय फुलू लागलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं. मघाशी धडपडणारी ती मूठ उघडत होती, मिटत होती, आणि तिला आता जागा होती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात आत्याला धरलेले असल्यामुळे ते पुसताही येत नव्हतं.

आत्याची धाप उतरली. ती एका दमात म्हणाली, "बाई, तुही आई कोनत्या घरातली? वडीगोद्रीत आमच्या नणंदेच्या शेजारी एक घर व्हतं, त्या घरच्या माहेरवाशिनीचं नाक बराबर तुह्यासारखं..."

"मावशी, जरा गप्प राहा," डॉक्टरबाई म्हणाल्या. तंत्रज्ञ हसला. मीही हसले, रडता रडता.

नंतरचे काही दिवस ती नळी छातीला तशीच ठेवली होती. पाण्याच्या तपासणीत टीबीच निघाला, गोळ्या सुरू झाल्या, आणि आत्या वॉर्डातल्या प्रत्येकीच्या माहेर-सासरची माहिती काढून मोकळी झाली. एकदा तिनं डॉक्टरबाईंना सुनावलं, "तुमी पानी झालं कामून म्हन्ता? लस झाली म्हना. जखमेतून लस येती तशी. मंग कोन पानी सोडतं?" बाईंनी ते मनापासून ऐकलं आणि पुढच्या पेशंटच्या घरच्यांना तसं सांगूनही पाहिलं. तर त्या लोकांनीच उलट विचारलं, लस कधी दिली, दुसरा डोस कधी? बाई आमच्याकडे येऊन कपाळाला हात लावून बसल्या. पण मग त्यांनी दुसरी युक्ती काढली. आता त्या नातेवाइकांना पहिलं वाक्यच वेगळं सांगतात. मी दारात उभी राहून ऐकलंय: "आधी एक ऐका, पेशंटचं पाणी बंद करायचं नाही. आता सांगते काय झालंय ते." केदारखेड्याच्या एका ओट्यावरची चूक त्यांनी अशी कायमची उचलून घेतली, आणि त्यात कुणाचंही हसं केलं नाही.

नळी काढली त्या दुपारी दादा चहा आणायला खाली गेला होता. मी मोसंबी सोलत होते. आत्या म्हणाली, "तुला बाहेर काढलं म्हनून राग आल्ता न्?"

"आलता की," मी म्हटलं. "अजून आहे."

ती खिडकीकडे तोंड करून बसली. मग म्हणाली, "तुह्या बापाला सुई नको व्हती. तो मला म्हनला, ताई, मला घरी घेऊन चल. तुही माय तं नुसती रडून राह्यलती. डॉक्टर आमच्याकडं पाहून राह्यला. मंग म्या म्हनलं, घे रे टोचून, काई होत न्हाई. मह्या सबदावर त्यानं व्हय म्हनलं."

इतक्या वर्षांत हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या आईलाही नाही.

"तवापासून ते मह्या उरावर हाय," ती म्हणाली. "त्या दिशी तू वाकून व्हय म्हन म्हनाया लागली, तवा मला काई सुचंना. मी मेले असते तं तुही गत महीच झाली असती. जलमभर तेच घेऊन बसली असती तू. म्हनून तुला बाहेर काढलं. व्हय म्हनायचं तं माझं मी म्हनलं."

धाप लागलेली, ओठ सुकलेले, बोलायला दम पुरत नव्हता, आणि त्या अवस्थेत ही बाई मला वाचवत होती. मला तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. तिला सांगावंसंही वाटलं की तुझा काही दोष नाही, बाबा तसेही गेले असते. पण ते मला माहीत नव्हतं. डॉक्टरबाईंनाही माहीत नव्हतं, आणि त्यांनी तसं सरळ सांगितलं होतं. जे मला माहीत नाही ते आत्याला सांगून तिची समजूत काढणं मला जमलं नाही. मला जे पक्कं माहीत होतं तेवढंच मी बोलले.

"आत्या, बाबांच्या वेळी तुझ्या जागी मी असते, तर मीही घे टोचून असंच म्हटलं असतं. त्या दिवशी तुला म्हणतच होते की. तूच मध्ये थांबवलंस."

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं.

"व्हय," ती म्हणाली. "तू बी म्हनलीच असती."

मग तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि भावाला हाक मारून मोठ्यानं रडली. बाबांसाठी तिला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.